फाटकाच्या पुस्तकातलं सातवं पान

पुस्तक जेवणाच्या टेबलावर येऊन आपटलं आणि ताईच्या हातातला घास हातातच राहिला. पोस्टकार्डाएवढं पुस्तक ते, तीन कड्यांत ओवलेलं, वर तिनंच रंगवलेलं शाळेचं हिरवं फाटक. धाकट्या भावानं ते इतक्या जोरात टाकलं होतं की पेला कलंडला, टेबलभर पाणी झालं, आणि ते पुसायलाही कुणी उठलं नाही.

“बघ, ताई. तूच केलंयस ना हे? मग तूच शोध. आजोबा आले नाहीत तर माझ्या पोरीनं काय करायचं, ते यात कुठल्या पानावर आहे?”

शेजारच्या खोलीत त्याची आठ वर्षांची मुलगी पायाला प्लास्टर घालून झोपली होती. तिला सगळे खारू म्हणत, कारण दिसेल ती बारीकसारीक वस्तू ती खिशात साठवून ठेवी. दुपारी शाळा सुटल्यावर ती रोजच्यासारखी फाटकाजवळच्या पिवळ्या रेघेवर जाऊन उभी राहिली होती. आजोबा आले नाहीत. शाळा रिकामी झाली तरी पोर रेघेवरून हलली नाही. शेवटी वॉचमननं तिला सावलीत बसवावं म्हणून हात धरला, तशी ती किंचाळून निसटली आणि थेट रस्त्यावर गेली. स्कूटरवाल्यानं वेळेवर ब्रेक मारला म्हणून घोट्यावर निभावलं.

खारू स्वमग्न होती. सांगितलेलं तिच्या कानांवरून वाहून जायचं, चित्रात पाहिलेलं मात्र पक्कं बसायचं. आणि ताईचा धंदा चित्रांचाच. भिंतीवर लावायच्या चित्रांचा नव्हे हं! मिक्सर, पंखे, शिलाई मशीन यांच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका येते आणि जी कुणी उघडूनही बघत नाही, तिच्यातली चित्रं ती काढायची. झाकण कुठल्या बाजूनं फिरवायचं त्याचा बाण, एका चित्रात एकच कृती, नको असलेली एकही रेघ नाही. खारूच्या समुपदेशक बाईंनी जेव्हा सांगितलं की या मुलांना माणसांत कसं वागायचं हे चित्रांच्या गोष्टींतून शिकवता येतं, तेव्हा ताईला वाटलं, अरे, हे तर मी वीस वर्षं करतेच आहे, फक्त मिक्सरसाठी! मग तिनं गुडघ्यांवर बसून, खारूच्या उंचीवरून जग कसं दिसतं ते पाहून पुस्तकं काढायला घेतली. न्हाव्याकडे गेल्यावर काय होतं, दुसऱ्याच्या घरी गेल्यावर काय म्हणायचं, खेळात हरलं तर काय करायचं... तेवीस पुस्तकं झाली. खारू पाहुण्यांना पाणी द्यायला शिकली, दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायला शिकली. आणि प्रत्येक पुस्तकात, बाईंनी बजावल्याप्रमाणे, एक पान असायचंच: ‘तसं झालं नाही तर’.

ताईनं ओला हात पुसला आणि पुस्तक उघडलं. घंटा वाजते. मी दप्तर घेते. मी मैदानातून चालते. फाटक दिसतं. मी पिवळ्या रेघेवर उभी राहते. बहुतेक वेळा आजोबा चार वाजता येतात. आणि पुढचं पान एकदम ‘आजोबा माझं दप्तर खांद्यावर घेतात’ हे... तिनं पानं पुन्हा उलटली. मधलं पान नव्हतं. ‘कधीकधी आजोबांना यायला जमत नाही. मग मी बाकावर बसते. मी वॉचमनकाकांना सांगते. घरचं कुणीतरी येतं.’ रिकाम्या फाटकाचं ते पान तिनं दोनदा काढलं होतं, कारण पहिल्यांदा बाक जास्त लांब दिसत होता. सातवं पान. तिनंच ओवलं होतं.

तिनं मान वर केली. समोर तिचे वडील, अण्णा, ताटाकडे बघत बसले होते. त्यांचा उजवा हात सदऱ्याच्या खिशातल्या चष्म्याच्या जुन्या डबीवर होता, आणि ती डबी ते खिशात आणखी खोल दाबत होते.

बास, तेवढ्यानं तिला सगळं कळलं. पुस्तक तयार झालं त्या दिवशी अण्णांनी हेच पान वाचून नाक मुरडलं होतं. “तीस वर्षं डेपोत गाड्यांच्या वेळा सांभाळल्या मी. एक गाडी माझ्यामुळे उशिरा सुटली नाही. आणि माझ्या नातीला तू चित्र काढून देतेस, की आजोबा येणार नाहीत? काढून टाक ते.” ती तेव्हा हसली होती. तिनं ते मनावरच घेतलं नव्हतं.

आता बोलावं तर काय होईल, हेही तिला दिसत होतं. मागच्याच आठवड्यात अण्णा गॅस चालू ठेवून फिरायला गेले होते, आणि भाऊ म्हणाला होता की यापुढे त्यांना पोरीला आणायला पाठवायचं का, याचा विचार करायला हवा. आज बस वाटेत बंद पडली असं अण्णांनी सांगितलं, ते सगळ्यांनी मान्य केलं. बस बंद पडणं हा काही माणसाचा दोष नाही. पण अण्णांनी पान काढलं हे कळलं की संपलंच. अण्णा सकाळी उठायचे ते चार वाजतील म्हणून. दुपारी दोनपासून बूट घालून बसायचे. ते चार वाजणं त्यांच्या आयुष्यातून कुणी काढून घेतलं, तर मागे काय राहणार होतं?

“राहून गेलं माझ्याकडून,” ताई म्हणाली.

“राहून गेलं?” भावाच्या बायकोचा आवाज फुटला. “ताई, अहो, तुम्हीच आम्हाला सांगत होतात ना, की तेच पान सगळ्यात महत्त्वाचं असतं?”

“हो, वहिनी. चुकलं माझं.”

भाऊ उठला, स्टुलावर चढला आणि तेवीसच्या तेवीस पुस्तकं त्यानं पोटमाळ्यावर टाकली. ज्या भावाला आई गेल्यावर तिनं लहानाचा मोठा केला, ज्याच्यासाठी स्वतःच्या लग्नाचा विषय कधी घरात निघू दिला नाही, तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “यापुढे माझ्या मुलीसाठी तू काहीही काढायचं नाहीस.” आठवड्याभरात छापखान्याजवळ एक खोली बघून ती घराबाहेर पडली. निघताना वहिनीला एवढंच म्हणाली, “रोज चार वाजता अण्णांना फोन करत जा, पोचले का म्हणून.”

चौदा महिने गेले. ताई पुन्हा मिक्सर आणि पंखे काढू लागली. रविवारी अण्णांना फोन करायची. पहिले काही महिने ते खुशीत होते: आज खारूनं वाटेत अकरा कुत्री मोजली, आज चार वाजायला दोन मिनिटं असतानाच मी हजर. हे ऐकलं की तिला आपला सौदा महाग पडला असं वाटायचं नाही. खरं सांगायचं तर, वाटायचंही. खारूसाठी पुन्हा एक तरी पुस्तक आपल्या हातून व्हावं, एवढंच तिला हवं होतं, आणि त्यासाठी अण्णांचं नाव घ्यावं लागलं असतं. ते ती घेणार नव्हती.

आठव्या महिन्यात अण्णा घराचाच रस्ता चुकले आणि त्यांचं फाटकावर जाणं बंद झालं. त्यानंतर फोनवरचं बोलणं आटत गेलं. एका रविवारी त्यांनी तिला विचारलं, “आपण कोण बोलताय?”

मग एका संध्याकाळी वहिनीचा फोन आला.

“ताई, अण्णांसाठी जागा मिळालीय. विसर पडणाऱ्या माणसांची नीट काळजी घेतात तिथे, नर्स असतात. आता घरी जमत नाही हो. रात्री दार उघडून जातात. पुढच्या मंगळवारी न्यायचंय.” ती थांबली. “खारूला कसं सांगायचं? मी बोलून बघितलं, ती ऐकतच नाही. अण्णांची पेटी भरली की ती सगळं काढून पुन्हा कपाटात लावते. मी एक पुस्तक काढून बघितलं. माझं चित्र बघून म्हणाली, हा बटाटा आहे.”

ताईला हसू आलं आणि तितक्यात डोळेही भरले.

“मग यांनी दुकानातून एक विकत आणलं. त्यातल्या आजोबांना दाढी. म्हणाली, हे आजोबा दुसऱ्या कुणाचे आहेत, परत करा. बरोबरच आहे म्हणा... तुम्ही याल का?”

“त्यानं सांगितलंय फोन करायला?”

“त्यांच्या तोंडून निघणार नाही ते. पण मी फोन करतेय हे माहितीय त्यांना, आणि ते इथंच बसलेत.”

दुसऱ्या दिवशी ताईनं आधी त्या नव्या जागेत जाऊन पाहणी केली. लोकांनी वळून बघावं अशीच ती दिसत असणार, पन्नाशीची बाई व्हरांड्यात गुडघ्यांवर बसून दरवाज्यांची चित्रं काढतेय म्हणून. खिडकीत निळा पडदा होता, पलंगाला बाजूला दांडी होती, नर्सच्या खिशाला दोन पेनं होती. सगळं टिपून घेतलं. मग रंगांची पिशवी खांद्याला लावून ती घरी गेली.

दार भावानं उघडलं. चष्म्याचं दुकान त्याचं, पण स्वतःच्या चष्म्याची काच पुसायचंही त्याला सुचलेलं दिसत नव्हतं. “ये,” म्हणाला, आणि बाजूला झाला. अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बाहेर बघू लागले.

खारू तिच्या जवळ आली नाही, तशी ती कधीच यायची नाही. पण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली आणि खिशातून एक खोडरबर काढून ताईसमोर ठेवलं. चौदा महिन्यांपूर्वी ताईचंच हरवलेलं होतं ते.

“आत्या आली,” खारू कुणालातरी बातमी द्यावी तसं म्हणाली.

काम सुरू झालं. आजोबांना आता खूप गोष्टी आठवत नाहीत. आजोबा एका नव्या घरात राहायला जातात. तिथे निळा पडदा आहे. खारू प्रत्येक चित्र तपासत होती. नर्सच्या खिशाला खरंच दोन पेनं आहेत ना, हे तिनं तीनदा विचारलं. वहिनी बाजूला उभी राहून बघत होती, भाऊ वर्तमानपत्र उघडून बसला होता आणि पान काही उलटत नव्हता. सहा पानं झाली. ताईनं सातवं कार्ड पुढे ओढलं.

“आता ‘तसं झालं नाही तर’चं पान,” ती खारूला म्हणाली. “रविवारी आपण आजोबांना भेटायला जातो. बहुतेक वेळा आजोबा मला ओळखतात. कधीकधी...”

“हे पान नको काढू,” खारू म्हणाली.

“का गं?”

“आजोबा काढून टाकतात. फाटकाच्या पुस्तकात दहा पानं होती. सातवं आजोबांनी काढलं. तीन कड्या उघडल्या, पान काढलं, तीन कड्या बंद केल्या. टक्, टक्, टक्.”

वर्तमानपत्र खाली आलं.

“कधी?” भावानं विचारलं.

“सोमवारी. मी टेबलाखाली होते. मग नऊ पानं झाली.”

“अगं, मग तू सांगितलं का नाहीस?”

“कुणी विचारलं नाही,” खारू म्हणाली आणि खोडरबराची बाजू कागदावर घासून साफ करू लागली.

वहिनी स्टूल घेऊन पोटमाळ्याकडे गेली आणि धुळीनं माखलेलं ते हिरव्या फाटकाचं पुस्तक घेऊन आली. तिनं पानं मोजली. नऊ. भाऊ ताईकडे बघत होता, आणि ताई पेन्सिलीला टोक करत होती, टोक आधीच झालेलं असताना.

“तुला माहीत होतं,” तो म्हणाला. “त्या दिवशी, टेबलावर. तुला माहीत होतं.”

“होतं.”

“आणि तू बोलली नाहीस.”

“बोलले असते तर तू अण्णांना फाटकापर्यंत जाऊ दिलं असतंस?”

“नसतं जाऊ दिलं.”

“मग झालं तर.” तिनं पेन्सिल खाली ठेवली. “त्यांना आठ महिने मिळाले, बंड्या. आणि मीही काही अगदी निर्दोष नव्हते. इतकं महत्त्वाचं पान, तर ते जागेवर आहे की नाही हे मी बघत राहायला हवं होतं.”

बंड्या हे नाव त्यानं किती दिवसांत ऐकलं नव्हतं. पंचेचाळीस वर्षांचा, केस विरळ झालेला माणूस, तोंडावर वर्तमानपत्र धरून रडायला लागला. “मी तुला घरातून घालवलं... ताई, मी तुला घालवलं आणि तू खोलीत एकटी... आणि मी दुकानात बसून लोकांना सांगत होतो की माझ्या बहिणीच्या निष्काळजीपणानं...” ताई उठून त्याच्याजवळ गेली, लहानपणी त्याला ताप आला की जशी पाठीवर हात ठेवून बसायची तशीच बसली. वहिनीनं पदर डोळ्यांना लावला होता. सगळ्यांकडे आळीपाळीनं बघून खारूनं आपल्या खिशातून एक रुमाल काढला आणि बाबांच्या गुडघ्यावर ठेवला. ‘घरात कुणी रडत असेल तर’ हे तिचं सोळावं पुस्तक होतं, आणि पोटमाळ्यावर टाकलं तरी तिला ते पाठ होतं.

“पान आहे माझ्याकडे,” खिडकीजवळून अण्णांचा आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. अण्णांनी खिशातून चष्म्याची जुनी डबी काढली होती. भावानं त्यांना दुकानातून चार नव्या डब्या आणून दिल्या होत्या; ही ते हातात देत नसत. त्यांनी अस्तराखालून चार घड्या घातलेलं कार्ड काढलं, उलगडलं आणि त्या रिकाम्या फाटकाकडे बराच वेळ बघत राहिले.

“हे खोटं आहे,” ते म्हणाले. “मी गेलो होतो. बस बंद पडली असं मी सांगितलं, ते उगाच, तुम्ही ओरडाल म्हणून. चारला दोन मिनिटं कमी होती, मी उभा होतो. मुलं बाहेर आली, सगळी गेली. मी अंधार पडेपर्यंत उभा राहिलो. तीच आली नाही.”

“कोण आली नाही, अण्णा?” ताईनं हळूच विचारलं.

“माझी मुलगी. दोन वेण्या घालते. पाण्याच्या टाकीसमोरची शाळा तिची.”

लहानपणी ताई त्याच शाळेत जायची. पाण्याच्या टाकीसमोरची शाळा... ती बंद होऊन पंचवीस वर्षं झाली, तिथे आता फर्निचरचं दुकान होतं. त्या दुपारी अण्णा खरोखरच वेळेवर होते. ते फर्निचरच्या दुकानासमोर, तिची वाट बघत उभे होते! जो दोष तिनं आपल्या अंगावर घेतला, ज्यापायी चौदा महिने त्या खोलीत काढले, त्याच्या मुळाशी तिलाच घ्यायला आलेला तिचा बाप होता, आणि हे त्या बापालाही माहीत नव्हतं.

भाऊ उठून उभा राहिला. काही बोलायला त्यानं तोंड उघडलं, पण ताईनं हातानंच त्याला थांबवलं. चूक काय आणि कुठे झाली, हे अण्णांना समजावून सांगण्याची वेळ केव्हाच निघून गेली होती.

खारू मात्र उठली. तिनं आजोबांच्या हातातून ते कार्ड घेतलं, टेबलावर तळहातानं दाबून सरळ केलं आणि पुस्तकाच्या तीन कड्या उघडल्या. टक्, टक्, टक्. सहाव्या पानानंतर ते ओवलं, कड्या बंद केल्या आणि पहिल्यापासून मोजलं.

“दहा,” ती म्हणाली. पुस्तक तिनं खिशात घालायचा प्रयत्न केला, मावलं नाही, तेव्हा काखेत धरलं.

ताई अण्णांच्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली, खारूची पुस्तकं करताना बसायची तशी. टेबलावरची रंगांची पिशवी तिनं उठताना खांद्याला लावली होती. अण्णांनी आधी त्या पिशवीकडे पाहिलं, मग तिच्या पिकल्या केसांकडे, मग चेहऱ्याकडे... आणि त्यांच्या कपाळावरची आठी सुटली.

“आलीस?” ते म्हणाले. “किती वेळ झाला, मी उभा आहे.”

“सुटायला उशीर झाला, अण्णा.”

“असू दे, असू दे. रडू नको. मी कुठं जातोय?” खुर्चीच्या हातावर जोर देत ते उठले आणि हात पुढे केला. “दप्तर आण इकडे.”

ताईनं पिशवी काढून दिली. अण्णांनी ती एका पट्ट्यानं डाव्या खांद्यावर अडकवली, तिनं फाटकाच्या पुस्तकात काढली होती अगदी तशी, आणि दाराकडे चालू लागले. बाहेर कुठं जायचं नव्हतं. पण ती त्यांच्याबरोबर निघाली, मागून पुस्तक काखेत धरून खारू निघाली, आणि भावानं पुढे होऊन तिघांसाठी दार उघडलं.